गुलेदचं नाजूक पोट

गारिसा
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय अर्दो,

की आतापासूनच विहीणबाई म्हणू? लग्न लागायला रमजान ईद उलटायची आहे, पण माझ्या जिभेला धीर कुठला! वसतिशाळेत एवढ्या मुलांत आपण दोघीच मुली होतो, तेव्हा मास्तर म्हणायचे, या दोघी शिकून काय करणार? आता कळेल म्हणावं. एकमेकींच्या मुलांची लग्नं जमवणार आणि पत्रातून भांडणार.

इथे नदी कधी नव्हे एवढी फुगलीय. नैरोबीचा रस्ता वाहून गेलाय आणि साखरेच्या पोत्यासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतायत. आमच्या घरधन्याच्या, बुल्लेच्या, हॉटेलात चहा बिनसाखरेचा, तरी गिऱ्हाईक येतंच. घरात बसून डास मारण्यापेक्षा बरं म्हणतात.

ड्रायव्हरबरोबर एक मच्छरदाणी पाठवतेय. गुलाबी आहे, झालरीची. तुझ्या इदिलच्या लग्नाच्या पलंगासाठी आहे, तेव्हा आत्तापासून वापरायला काढू नका. आमचा गुलेद विचारत होता, ती उंच झाली का. मी म्हटलं, तुझ्याहून उंच झाली असेल तर स्टूल घेऊन जा.

तुझी
दहबो

—

बल्ले-गुदुद
२३ नोव्हेंबर

प्रिय दहबो,

विहीणबाई म्हण, खुशाल म्हण. वरमाय म्हणून मिरवायला तू शाळेपासूनच टपलेली आहेस.

तुमच्याकडे नदी फुगली, इथे जमीनच नाहीशी झालीय. जिथे उंट चरायचे तिथे नजर जाईल तिकडे पाणी. एकच काय ती उंच टेकाडाची जागा राहिली, तिच्यावर आम्ही सगळे. माणसं, मेंढ्या, बकऱ्या, शेजाऱ्यांची गाढवं, सगळ्यांचं अंथरूण एक. आणि डास! असले डास मी जन्मात पाहिले नाहीत. संध्याकाळी जनावरांचे पाय काळेभोर दिसतात आणि हात फिरवला की तळवा लाल होतो. शेणाचा धूर करून करून आमचेच डोळे गेले, डास आपले जिथल्या तिथे.

रागावणार नसशील तर एक सांगते. तुझी झालरीची मच्छरदाणी कोकरांवर घातलीय. इदिल हसून लोळत होती, म्हणाली, नवरी आधी बघा, झोपलीय कशी. लग्नाआधी धुऊन देईन.

बाकी ठीक. काही मेंढ्यांनी अवेळी गाभ टाकला. इतक्या ओलीत व्हायचंच ते. मी आणि शेजारची शंकारोन आजी दिवसभर तेच निस्तरत असतो. आजीला ना नवरा ना मूल, तिचा वाटा आमच्याच चुलीवरून जातो, पण कामाला ती माझ्या दोन पावलं पुढे.

तुझी
अर्दो

—

गारिसा
६ डिसेंबर

प्रिय अर्दो,

घाईत लिहितेय. गुलेदला तुमच्याकडे पाठवतेय. इदिलच्या वडिलांच्या, शुरियेभाऊंच्या, कळपात आमची जी जनावरं आहेत ती घेऊन येईल. लग्नाची तयारी करायची तर हाताशी असलेली बरी, असं बुल्लेचं म्हणणं. अर्ध्या वाटेपर्यंत ट्रक जातो म्हणतात, पुढे पाण्यातून चालत येईल.

त्याला फार दिवस ठेवून घेऊ नका. आला की जनावरं हवाली करा आणि वाटेला लावा. पाहुणचार लग्नात करायचाच आहे. आणि एक, तोंड वाकडं करू नकोस हं. त्याला दूध द्याल ते उकळून द्या. मांसही नको. शहरात राहून त्याचं पोट फार नाजूक झालंय. जनावरांतही त्याला फार वावरू देऊ नका, सवय नाही राहिली.

इथे बाजारात लोक काहीबाही बोलतायत. लोकांना काय, बोलायला पाऊस पुरतो. सगळ्यांना सलाम.

दहबो

—

बल्ले-गुदुद
१६ डिसेंबर

विहीणबाई,

तोंड वाकडं करू नकोस म्हणालीस म्हणून सरळ तोंडाने लिहितेय. उकळलेलं दूध! माझ्या दारात माझा होणारा जावई येतो, कमरेएवढ्या पाण्यातून चालत येतो, आणि मी त्याला दूध उकळून देऊ? आजारी म्हाताऱ्याला देतात तसं? मांस नको, जनावरांत नको, मग त्याला काय कापसात गुंडाळून ठेवू? तू कुठे जन्मलीस ते विसरलीस का गं? आपण दोघी एकाच बकरीला दोन बाजूंनी तोंड लावून प्यायलोय.

तुझी चिठ्ठी मी शुरियेला वाचून दाखवली. तो नुसता हसला. म्हणाला, शहराचं वारं लागलंय, आपलं घर आता त्यांना घाण वाटतं. मला फार लागलं ते.

म्हणून सगळं रीतसर केलं. धारोष्ण दूध दिलं, आतून धुरी दिलेल्या भांड्यात, आणि तुझा नाजूक पोटाचा मुलगा तीन वाट्या प्यायला. मग जावयाच्या मानाचा मेंढा. कळपातला सगळ्यात मोठा, शेपटीचा चरबीचा गोळा एवढा की चालताना डोलायचा. गुलेदने स्वतः सुरी मागून घेतली. सासूने जावयाच्या समोर जायचं नाही, त्यामुळे मी आतून चटईच्या फटीतून बघत होते. बिस्मिल्ला म्हणून एका झटक्यात काम केलं त्याने. कोपरापर्यंत रक्ताने माखलेले हात घेऊन हसत उभा होता, अगदी आपल्यातला. इदिल माझ्या मागून डोकावत होती, तिला चिमटा काढून मागे सारली.

सगळ्या टेकाडाने खाल्लं. शंकारोन आजीला काळीज पाठवलं. गुलेद काल जनावरं घेऊन निघाला. पोट उत्तम आहे त्याचं, काळजी करू नकोस.

अर्दो

—

गारिसा
३ जानेवारी १९९८

अर्दो,

गुलेद आला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून अंगात ताप. आधी आम्ही हिवताप समजलो, गोळ्या दिल्या. ताप उतरला, तो उठून बसला, आम्ही रमजानचे रोजे सुरू केले. आणि परवा म्हणाला, आई, तू बोलतेयस पण तुझं तोंड कुठंय?

त्याला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, दारात उभा माणूस दिसत नाही. पेला धरायला जातो आणि हात बाजूला जातो. माझ्याकडे बघायचं असलं की मान वळवून भिंतीकडे बघतो.

इस्पितळातले विचारतात, आजारी जनावराला हात लावला का? कापलं का? रक्त अंगावर घेतलं का? सरकारी पशुवैद्यही येऊन बसला होता. विचारत होता, ज्या कळपात गेला होता तिथे मेंढ्या मरतायत का, गाभ टाकतायत का. मी म्हटलं, मला माहीत नाही, विचारते.

मी तुला विचारतेय. खरं सांग.

दहबो

—

बल्ले-गुदुद
९ जानेवारी

प्रिय दहबो,

पोराला दृष्ट लागली गं, दुसरं काय? एवढा देखणा पोरगा चार गावं ओलांडून आला, लोकांनी बघितला असेल.

इथे तसं काही नाही. जनावरं पावसाने थोडी अशक्त झालीत, एवढंच. मेंढा तर कळपातला सगळ्यात चांगला होता, ते मी तुला लिहिलंच होतं. पशुवैद्याला म्हणावं, आमच्या टेकाडापर्यंत यायची गरज नाही, वाट फार वाईट आहे.

शंकारोन आजी गेली. वय झालं होतं.

इदिल रोज नमाजानंतर गुलेदसाठी दुआ मागते. मीही.

अर्दो

—

बल्ले-गुदुद
२१ जानेवारी

दहबो,

आधीचं पत्र खोटं होतं. तोंडाने रोजा धरायचा आणि त्याच तोंडाने तुझ्याशी खोटं बोलायचं, हे मला जमेना. म्हणून लिहितेय. वाचून झालं की फाड, नाहीतर जपून ठेव आणि पुढे माझ्या तोंडावर मार. तुझी मर्जी.

थोड्या मेंढ्यांनी गाभ टाकला असं लिहिलं होतं मी. थोड्या नाही. सगळ्याच्या सगळ्या मेंढ्यांनी टाकला. टेकाडावर पाय ठेवायला जागा नव्हती. कोकरं संध्याकाळी उभी असायची आणि सकाळी आडवी. तुझ्या मच्छरदाणीखालची तेवढी जगली.

आणि तो मेंढा. तो मोठा होता हे खरं. पण गुलेद आला त्या दिवशी तो चालत नव्हता, मान खाली घालून उभा होता आणि नाकातून रक्ताची तार लोंबत होती. शुरिये म्हणाला, संध्याकाळपर्यंत जाईल हा. जीव आहे तोवर सुरी फिरली तर हलाल होईल, नाहीतर एवढा मेंढा फुकट मातीत. तू जाणतेस, आपल्याकडे हे नेहमीचंच आहे. जनावर जायला लागलं की पहिली हाक सुरीसाठी असते. मरू दिलं तर सगळ्या घराला चुटपुट लागते. आणि शेजाऱ्यांना वाटून खाल्लं की मन शांत होतं.

पण मला ते शोभलं नाही, दहबो. कारण चांगले मेंढे होते आमच्याकडे. तीन-चार धडधाकट होते. ते मी राखले. मरणारा जावयाला दिला आणि शुरियेकरवी त्याला सांगितलं की हा कळपातला सगळ्यात चांगला. तुझ्या उकळलेल्या दुधाचा राग होता डोक्यात. दाखवायचं होतं की आमच्याकडे मान कसा करतात. मान करायचा होता, आणि काटकसरही करायची होती.

गुलेदने सुरी मागितली तेव्हा मी फटीतून बघत होते. नाकाचं रक्त शुरियेने आधीच पुसलं होतं. एक हाक मारली असती तर पोरगा थांबला असता. सासूने समोर जायचं नाही ही रीत आडवी आली, असं मी रोज स्वतःला समजावते. तेही खोटं. टेकाडाला आग लागली असती तर मी रीत बघत बसले असते का?

शंकारोन आजी वयाने नाही गेली. काळीज तिला मीच धाडलं, तिने कच्चंच धुतलं, कापलं. चार दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिला माती देताना शुरिये माझ्याकडे बघेना आणि मी त्याच्याकडे. मलाही ताप येऊन गेला. मी का जगले कुणास ठाऊक.

आमची मुलगी तू करून घेऊ नकोस. ज्या घराने तुझ्या मुलाचे डोळे घेतले त्या घरची सून तू कशाला आणायची? मी इदिलला समजावीन.

तुला तोंड दाखवायची माझ्यात हिंमत नाही. म्हणून पत्र.

अर्दो

—

गारिसा
१२ फेब्रुवारी

अर्दो,

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले तुला ठाऊक आहे. तुला वाटलं असेल, मी रागाने गप्प बसले. पहिले दोन दिवस होतेही. तुझं नाव घेऊन भिंतीशी भांडले. मग राग संपला आणि जे उरलं ते लिहायला धीर होईना.

मला माहीत होतं.

गुलेदला पाठवायच्या आधी आठवडाभर सरकारी गाडी भोंगा लावून आमच्या गल्लीतून फिरत होती. आपल्याच भाषेत सांगत होती, जनावरांचा रोग आलाय, डासांनी पसरतोय, तिथून माणसांत येतोय. आजारी जनावर कापू नका. गाभ टाकलेल्याला उघड्या हातांनी धरू नका. दूध उकळा. मी दारात उभी राहून ऐकलं, दोन वेळा ऐकलं. आणि शेवटी सांगत होते की जनावरांचा बाजार बंद करणार, कापायलाही बंदी येणार.

बुल्लेच्या कानांनी तेवढा शेवटच ऐकला. म्हणाला, बाजार बंद व्हायच्या आत आपली जनावरं आणू, नाहीतर तिथेच मरतील आणि आपण बसू बोंबलत. तुझं मेंढ्यांचं पत्र माझ्या हातात होतं. गाभ टाकलेला मी वाचला होता. दोन आणि दोन मला जोडता येत नाहीत असं थोडंच आहे? वसतिशाळेत गणितात पहिली मी यायचे.

तुला खरं लिहिलं असतं तर तू कळप अडवून धरला असतास. शुरियेभाऊ म्हणाले असते, रोग आहे तर इथून काही हलणार नाही. म्हणून नाही लिहिलं. पण पोराला नुसतं तसंच पाठवायची छाती नव्हती, म्हणून ते नाजूक पोट काढलं. अगं, त्याचं पोट! हाडं चावून खाणारा पोरगा तो. मला वाटलं, असं लिहिलं म्हणजे माझं पोर वाचेल आणि आमची जनावरंही सुटतील. तुझं काय होईल, इदिलचं काय होईल, त्या म्हातारीचं काय, हे मी मनात येऊच दिलं नाही. आपलं तेवढं झाकून घेतलं. तेही धड झाकता आलं नाही.

तुला राग आला, येणारच. मी तुला खरं कारण दिलं असतं तर तू त्या मेंढ्याला हात लावू दिला असतास का? तुझी सुरी माझ्या खोट्यावर धार लावून आली होती.

आणि इथेच संपत नाही. ती जनावरं आमच्या हॉटेलामागे कापली गेली, बंदी यायच्या आदल्या दिवशी. कापणारा दुआले आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करायचा. तो गेला. त्याची बायको ईदला आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, बाई, तुमच्यावरही संकट, मुलाचे डोळे गेले, अल्ला तुम्हाला धीर देवो. मी तिच्या हातून दुआ घेतली आणि तोंड उघडलं नाही. अजून उघडलेलं नाही. तुला सांगतेय ते तुला सांगणं सोपं आहे म्हणून.

गुलेदला मी सगळं सांगितलं. तुझंही, माझंही. तो भिंतीकडे बघत होता, म्हणजे माझ्याकडे. मग म्हणाला, मी बल्ले-गुदुदला जातो. इदिलला मोकळं करायला मी स्वतः गेलं पाहिजे, चिठ्ठीने नको. आमच्या घरात चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. त्याच्या काकाबरोबर पाणी ओसरलं की निघेल.

दहबो

—

बल्ले-गुदुद
१५ मार्च

दहबो,

तुझं पत्र वाचून मला आधी हलकं वाटलं. चोरीत कुणीतरी भागीदार निघाल्यावर वाटतं तसं. मग त्या हलकं वाटण्याचीच शरम वाटली. शंकारोन आजीला त्याने काय फरक पडतो?

गुलेद आला. काकाचा हात धरून आला. पाणी आता ओसरलंय, चिखल वाळून भेगा पडल्यात. टेकाडावर सगळ्यांना बातमी लागली की जावई आला. शुरियेने सवयीने सुरी पाजळायला घेतली. बंदी आहे म्हटल्यावर म्हणाला, इथे कोण बघायला येतंय? दारात आलेल्याला रिकाम्या ताटावर बसवू का? चार म्हातारे जमले होते, माना डोलवत होते. मेंढा दावणीला होता. धडधाकट दिसत होता, पण मला आता दिसण्याचा भरवसा नाही.

मी आत, चटईमागे. तीच फट.

मी बाहेर आले. डोक्यावरची ओढणी नीट केली, पुरुषांच्या मधून चालत गेले आणि मेंढ्याचं दावं सोडलं. एका म्हाताऱ्याने तोंडात बोटं घातली. शुरिये ओरडला, "अगं, आत जा! जावई बसलाय समोर, लाजबीज काही आहे की नाही?"

मी म्हटलं, "आहे. पुष्कळ आहे. म्हणूनच आलेय."

आणि सगळं सांगितलं. मेंढ्याच्या नाकातलं रक्त, शंकारोन आजीचं काळीज, तुला लिहिलेलं खोटं पत्र. तुझं मी काही सांगितलं नाही. ते तुझं आहे, दुआलेच्या बायकोपुढे तू सांगशील. म्हटलं, आजपासून या टेकाडावर मरायला टेकलेल्या जनावराला सुरी लागली तर मी स्वतः जाऊन पशुवैद्याला आणीन. हलाल करायला बसलात ना, तर आजीचं काय केलंत तेही त्याच तोंडाने सांगा.

लोक काय म्हणाले ते कळायला तुला पत्राची गरज नाही. अर्दोने गावाची अब्रू वेशीला टांगली. आता आपली जनावरं कुणी घेणार नाही. शिकलेल्या बायकांचं हे असंच. शुरियेने दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी गाभ टाकलेली एक बकरी त्याने हातांना पिशव्या गुंडाळून पुरली.

पण तुला सांगायचं ते दुसरंच आहे. सगळं बोलून झाल्यावर मी गुलेदसमोर जाऊन बसले. सासू जावयासमोर बसली, तीही पाय दुमडून, क्षमा मागायला. त्याने माझ्याकडे बघण्यासाठी मान वळवली आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिला. माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की बरं झालं. दहबो, मी त्या पोराचे डोळे घेतले आणि ते गेले म्हणून मला त्याच्यासमोर बसणं सोपं गेलं. एवढी शरम मला त्या आधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटणार नाही.

तो म्हणाला, "मावशी, रडू नका. आवाजावरून सगळं दिसतंय."

मग त्याने इदिलला मोकळं करण्याचं काढलं. पाठ करून आला असावा, एका दमात म्हणाला. इदिल बाहेर आली, कुणी बोलावलं नव्हतं. आईच्याच वळणावर गेलीय. म्हणाली, "मी मधून दिसत नसेन तर कडेने बघ. मी कडेला उभी राहीन." आणि जाऊन उभी राहिली, त्याच्या डाव्या खांद्याशी. त्याने मान वळवली आणि हसला. ती खरंच त्याच्याहून उंच झालीय.

तेव्हा लग्न होणार आहे. बकरी ईदनंतर, इथेच. एकही जनावर कापलं जाणार नाही. भात, खजूर आणि काळा चहा. मांस नसलेलं लग्न म्हणून आपल्या नातवंडांपर्यंत लोक टोमणे मारतील. मारू देत. दुआलेच्या बायकोशी बोलणं झालं की तिलाही घेऊन ये, ती येत असली तर. नाही आली तर ते आपण दोघींनी गिळायचं.

मच्छरदाणी इदिलने धुतलीय. झालर एका बाजूने कोकरांनी खाल्लीय, तेवढं चालवून घे.

ये, दहबो. दूध उकळून ठेवते.

अर्दो